परतीची वाट

मोठ्या शहरांतील रेल्वे स्थानकावर, पुलाखाली किंवा देवळाच्या पायरीशी कधी कधी एखादा मनुष्य एकटाच बसलेला आढळतो. त्याच्या केसांच्या जटा झालेल्या असतात. अंगावरील वस्त्रांच्या चिंध्या लोंबत असतात. तो स्वतःशीच काही पुटपुटतो, मध्येच हसतो, मध्येच संतापतो. येणारे-जाणारे त्यास वळसा घालून पुढे जातात. काही खट्याळ मुले ‘वेडा, वेडा’ म्हणून त्याची थट्टा करतात. क्वचित त्याच्यावर खडेही भिरकावतात. त्याचे नाव काय, गाव कोणते, त्याची वाट पाहणारी आई कोठे असेल, याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात १७ लाखांहून अधिक लोक बेघर असल्याचे आढळले. दारिद्र्य, दुष्काळ, रोजगाराचा शोध, घरातील कलह अशा अनेक कारणांनी माणसाचे छप्पर हिरावले जाते. यांपैकी कितीतरी जण कष्ट करून आपले पोट भरतात. परंतु ज्यांना मनाच्या आजाराने ग्रासले आहे, त्यांची स्थिती सर्वांत असहाय असते.

शरीराला जसा ताप येतो, तसे मनालाही आजार होतात. छिन्नमनस्कता हा त्यांपैकी एक. या आजारात रोग्यास नसलेले आवाज ऐकू येतात. जवळची माणसेच आपला घात करतील, असा संशय त्याच्या मनात घर करतो. अशा स्थितीत तो एखाद्या दिवशी घराबाहेर पडतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो. कोठे जायचे, हे त्याला ठाऊक नसते. शेकडो कोस दूरच्या स्थानकावर तो उतरतो, तेव्हा तेथील भाषा त्याला कळत नाही व त्याची भाषा तेथे कोणाला कळत नाही. मग उपासमार होते, जखमा चिघळतात, उन्हापावसाने शरीर खंगते. घर नाही म्हणून औषध नाही, आणि औषध नाही म्हणून घराची आठवण नाही, अशी ही दुहेरी गाठ असते.

ही गाठ सोडविण्याचे कार्य मुंबईतील एका दांपत्याने हाती घेतले. डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी हे दोघेही मनोविकारतज्ज्ञ. एके दिवशी ते एका उपाहारगृहात बसले असता रस्त्यापलीकडे त्यांना एक कृश तरुण दिसला. तो नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी उचलून पीत होता. ते दृश्य पाहून दोघांना राहवले नाही. त्यांनी त्या तरुणास आपल्या छोट्याशा शुश्रूषागृहात आणले आणि त्याच्यावर उपचार सुरू केले. औषधांचा गुण येऊ लागला व तो तरुण बोलू लागला. तो आंध्र प्रदेशातील एका सुशिक्षित घरातला, विज्ञान शाखेचा पदवीधर होता! त्याच्या घरी कळविण्यात आले आणि हरवलेला मुलगा आपल्या माणसांत परत गेला.

या अनुभवातून वाटवानी दांपत्याला एक गोष्ट उमगली. रस्त्यावरचा तो ‘वेडा’ म्हणजे कोणाचा तरी हरवलेला मुलगा, भाऊ किंवा पिता असतो. १९८८ साली त्यांनी ‘श्रद्धा’ ही संस्था स्थापन केली. प्रारंभी जागा अपुरी होती व द्रव्यबळही बेताचेच होते. पुढे मुंबईतील दहिसर येथे एक लहानसे केंद्र उभे राहिले. २००६ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे, डोंगर आणि हिरवळ यांच्या सान्निध्यात, मोठे पुनर्वसन केंद्र सुरू झाले. या कार्याबद्दल २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार देऊन गौरविण्यात आले. तोपर्यंत संस्थेने हजारो रुग्णांना त्यांच्या घरी पोहोचविले होते.

हे कार्य वाटते तितके सोपे नाही. रस्त्यावरील रुग्ण अनोळखी माणसावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. त्याने आजवर शिव्या व दगड सोसलेले असतात. पुढे केलेला हातही त्याला मारण्यासाठीच उगारलेला वाटतो. म्हणून समाजसेवक प्रथम त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबतात. सौम्य शब्दांत बोलतात, चहा देतात, खाऊ देतात. भीती ओसरली म्हणजे मग त्याला केंद्रात आणले जाते. तेथे त्यास स्नान घालतात, गुंतलेले केस कापतात, जखमा धुऊन मलमपट्टी करतात आणि स्वच्छ कपडे देतात. त्यानंतर मनाच्या आजारावरील औषधे सुरू होतात.

आठवड्यांमागून आठवडे जातात. एखाद्या दिवशी शून्यात पाहणारे डोळे समोरच्या माणसाकडे पाहू लागतात. प्रथम नाव आठवते. मग एखादी नदी, गावाचा बाजार, शाळा किंवा धाकटी बहीण आठवते. तेवढ्या धाग्यावरून गावाचा शोध सुरू होतो. रुग्ण तमिळ बोलत असेल तर तमिळ जाणणारा, बंगाली बोलत असेल तर बंगाली जाणणारा माणूस मदतीला घ्यावा लागतो. आपल्या भाषेतील दोन शब्द कानी पडताच कित्येक महिने मुका राहिलेला माणूस बोलता होतो.

गाव सापडले म्हणजे समाजसेवक रुग्णास घेऊन आगगाडीने, पुढे मोटारीने, प्रसंगी पायीही त्याच्या दारापर्यंत जातात. कोठे मुलगा जिवंत नाही असे समजून घरच्यांनी आशा सोडलेली असते. दारात उभ्या असलेल्या त्याला पाहून आई क्षणभर थिजते, आणि मग तिच्या अश्रूंना खळ राहत नाही.

परंतु सर्वच कथांचा शेवट असा गोड होत नाही. काही घरांना आजाराची लाज वाटते. काहींना तो पुन्हा घर सोडून जाईल अशी भीती वाटते. काही ठिकाणी तर घरच उरलेले नसते. परतलेल्या स्त्रियांकडे तर अनेकदा अधिकच संशयाने पाहिले जाते. शिवाय औषध मध्येच थांबले तर आजार पुन्हा उलटू शकतो. यासाठी समाजसेवक घरच्या मंडळींना जवळ बसवून समजावतात, की हा कोणाचा शाप नव्हे अथवा भूतबाधाही नव्हे. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. रुग्णास घरी पोहोचविणे हे अर्धेच कार्य होय. घराने त्याला पुन्हा आपले म्हणणे, हे उरलेले अर्धे होय.

अशा रुग्णांना आता कायद्याचाही आधार आहे. २०१७ साली भारताच्या संसदेने मानसिक आरोग्याविषयी नवा कायदा संमत केला. स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनोरुग्ण रस्त्यावर भटकताना आढळल्यास त्याला संरक्षण देणे, हे त्या कायद्यानुसार पोलिसांचे कर्तव्य आहे. अशा मनुष्यास कोठडीत डांबता येत नाही. त्यास २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते, आणि तो बेघर असेल तर त्याच्या कुटुंबाचा शोधही घ्यावा लागतो.

तथापि कायदा पुस्तकात असतो आणि रुग्ण रस्त्यावर असतो. त्या दोहोंना जोडणारा कोणी तरी जागा नागरिक लागतो. मुलांनी अशा माणसाजवळ एकटे जाऊ नये. पण घरातील वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना सांगून पोलिसांपर्यंत निरोप पोहोचविणे मुलांनाही शक्य आहे. त्याहून सोपी अशी एक गोष्ट तर आजपासूनच करता येईल. कोणी खडा उचललाच, तर त्याचा हात धरावा. तेवढ्यानेही एका हरवलेल्या माणसाची परतीची वाट थोडी सुकर होईल.

स्वाध्याय

१. ‘दुहेरी गाठ’ असे लेखात कशाला म्हटले आहे?
२. उपाहारगृहात बसले असता वाटवानी दांपत्याला कोणते दृश्य दिसले? त्यातून त्यांना काय उमगले?
३. रुग्णाचा विश्वास संपादन करण्यासाठी समाजसेवक काय करतात?
४. ‘रुग्णास घरी पोहोचविणे हे अर्धेच कार्य होय.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : कृश, असहाय, सान्निध्य, सुकर.