रेशमी वस्त्रांवरील डाग

रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये, हें आपण सर्व जाणतों. परंतु वस्त्रावर डाग पडला असतां हा नियम आपण विसरतों. हाताशीं असेल तो साबण किंवा सोडा लावून जोरानें चोळण्यास आरंभ होतो, आणि डाग राहून वस्त्रच विरतें. ज्या घरीं आईचा लग्नांतील शालू किंवा आजीची पैठणी जपून ठेविली आहे, तेथें ही हानि पैशानें भरून येणारी नव्हे. म्हणून या विषयाचा थोडा विचार करूं.

प्रथम वस्त्राचा स्वभाव पाहूं. कापूस हा वनस्पतिज तंतु होय. रेशीम व लोंकर हे प्राणिज होत. सुती कापडास सोड्याचें पाणी सोसतें. रेशीम व लोंकर त्यानें कमजोर होतात. यास्तव रेशमास रिठ्याचें पाणी उत्तम. रिठ्याच्या टरफलांतील सॅपोनिन नांवाचें द्रव्य फेंस उत्पन्न करून मळ सोडवितें, आणि तें सोड्यासारखें तीव्र नसतें.

आतां डागाचा स्वभाव पाहूं. रक्त, दूध किंवा अंडें यांचा डाग कढत पाण्यानें कधींहि धुऊं नये. उकडलेलें अंडें जसें घट्ट होतें, तसा हा डागहि उष्णतेनें तंतूंत घट्ट बसतो. त्यास थंड पाणीच हवें. तेलातुपाच्या डागावर शंखजिऱ्याची बारीक पूड पसरून कांहीं तास ठेवावी. ती तेल शोषून घेते, मग हलक्या हातानें झटकावी. हळदीच्या डागास साबण लागतांच तो लाल होतो. यांत भिण्याचें कारण नाहीं. हळदीस चुन्यासारखा क्षार लागला कीं ती लाल होते, आणि याच गुणामुळें हळदीपासून कुंकू होतें. पांढरें सुती वस्त्र असल्यास तें धुऊन ओलें असतांनाच उन्हांत घालावें. राहिलेला पिवळेपणा उन्हानें हळूहळू जातो. रंगीत रेशीम मात्र उन्हानें विटतें. तें सावलींतच वाळवावें.

कोणताहि उपाय प्रथम पदराच्या किंवा शिवणीच्या आंतील कोपऱ्यावर करून पाहावा. डागाखालीं स्वच्छ पांढरें फडकें ठेवून कडेकडून मध्याकडे टिपीत जावें, चोळूं नये. जरीवर घरगुती प्रयोग करूं नयेत; तें काम जाणत्या माणसाकडेच सोंपवावें.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक सांगणें आहे. ताजा डाग बहुधा थोड्या श्रमानें निघतो. घडींत लपविलेला डाग मुरत जातो. रागें भरतील या भीतीनें डागाळलेलें वस्त्र पेटींत दडवूं नका. त्याच घटकेस आईस सांगा. आणि पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मूल खरें सांगण्यास आलें असतां आधीं पाणी आणावें, बोलणें मागाहून करावें. पहिल्या वेळीं बोल खाल्लेलें मूल दुसऱ्या वेळीं सांगावयास येत नाहीं.