एकमेकांकरिता प्रार्थना

शास्त्रपाठ : कलस्सैकरांस पत्र ४:१२-१३, ईयोब ४२:७-१०

एपफ्रास हा कलस्सै गावचा मनुष्य. त्याचे नाव पवित्र शास्त्रात तीनच ठिकाणी येते, आणि त्याच्या हातून घडलेला एकही चमत्कार तेथे लिहिलेला नाही. फिलेमोनाच्या पत्रात पौल त्याला आपला सोबतीचा बंदिवान म्हणतो. गावापासून इतक्या दूर असताना तो आपल्या मंडळीकरिता, आणि शेजारच्या लावदिकीया व हेरापली येथील बंधुजनांकरिताही, प्रार्थनेत झटत असे. मूळ ग्रीक भाषेत ह्या झटण्यास जो शब्द आहे, तो आखाड्यात झुंजणाऱ्या मल्लास लावीत असत.

हा पाठ नेकनूर व बालाघाटावरील इतर गावे ह्यांस विशेष लागू पडतो, असे आम्हांस वाटते. दसरा झाला की ह्या भागातील कितीतरी बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत राहावयाचे. गावी म्हातारी माणसे आणि नातवंडे. ज्या मंडळीतून अशी घरे जातात, तेथे रविवारच्या उपासनेत आपण काय करितो? "बाहेरगावी गेलेल्या सर्वांस सांभाळ" एवढे म्हणतो आणि पुढील गीताकडे वळतो. ती प्रार्थना खोटी नव्हे. पण तिच्यात झुंज कोठे आहे?

नाव घेऊन प्रार्थना करावयाची तर त्या माणसाची स्थिती ठाऊक असावी लागते. उचल किती फिटली? लेकरू तापाने आजारी आहे काय? २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. त्यांतील किती जणींचे दुखणे शस्त्रक्रियेपूर्वी कोणी आस्थेने विचारले असेल? जी बहीण आपल्या शेजारणीकरिता रोज देवाजवळ जाते, ती तिला फोन करून विचारल्यावाचून राहणार नाही, आणि चांगल्या डॉक्टरकडे चल असेही सांगेल.

पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्तिसदनातील मुलींस रोज आपल्याबरोबर प्रार्थनेस बसण्याविषयी विचारले. प्रथम सत्तर जणी पुढे आल्या. जूनअखेर ही संख्या पाचशेंवर गेली. मुक्तिसदनातील पुष्कळ मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. ज्यांनी आजवर दुसऱ्यांच्या हातून घेतले, त्या आता दुसऱ्यांकरिता मागू लागल्या. म्हणून कोपीतल्या बंधुभगिनींस आमचे सांगणे हे की, तुम्ही केवळ ज्यांच्याकरिता प्रार्थना करावी असे लोक नाही. एपफ्रास दूर होता, तोच मागे राहिलेल्यांकरिता झटत होता. गाडी भरण्याची वाट पाहत रात्री बसला असाल, तर गावातील आजीचे, पाळकाचे, शाळेत जाणाऱ्या लेकरांचे नाव घ्या.

आता कठीण भाग. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखात त्यालाच दोषी ठरविले होते. तरी देवाने त्यांस ईयोबाकडेच पाठविले. ईयोबाने त्यांच्याकरिता विनंती केली, आणि त्यानंतर त्याचे दिवस पालटले. ज्याने आपणांस बोल लाविला त्याचे नाव देवापुढे घेणे किती जड जाते, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. ह्या बाबतीत आम्ही अजून कच्चेच आहो. उचलीच्या पैशांवरून किंवा बांधावरून ज्या दोन भावांचे बोलणे बंद झाले आहे, त्यांनी ह्या आठवड्यात ईयोबाचा बेचाळिसावा अध्याय एकदा सावकाश वाचावा.

गाड्या निघण्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारी एक गोष्ट करिता येईल. प्रत्येक घराच्या नावाची एक चिठ्ठी लिहून टोपलीत टाकावी, आणि प्रत्येक घराने एकेक उचलावी. ज्याचे नाव निघेल त्या घराकरिता टोळी परत येईपर्यंत रोज प्रार्थना करावी, आणि आठवड्यातून एकदा त्याची विचारपूस करावी. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांचेच नाव निघाले, तर ती चिठ्ठी बदलून मागू नये.