विचारलं पाण्याचं, उत्तर पाकिस्तानचं

येलदरीचं नाव मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे ते धरणामुळे. पूर्णा नदीवरचं हे धरण, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजकेंद्र. इथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेड जिल्ह्यांतल्या शिवारात पोचतं. म्हणजे धरण आमच्या उशाशी आणि कालवे सुरू होतात ते सिद्धेश्वरापासून. एवढा जिव्हाळ्याचा विषय समोर असताना मत मागायला येणारा माणूस आमच्याशी सीमेबद्दल आणि धर्माबद्दल बोलतो. बऱ्याच निवडणुकांतली भाषणं ऐकून मनात जे साचलं, ते लिहून ठेवतो आहे. गावच्या सभांतल्या उमेदवारांची नावं घेत नाही, कारण खोड एका पक्षाची नाही.

१. ज्या विषयावर उमेदवाराचा आवाज सगळ्यात चढतो, तो विषय त्याच्या हातात सगळ्यात कमी असतो.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात ‘युद्ध आणि शांतता’ हा विषय संघसूचीत पंधराव्या क्रमांकावर आहे, म्हणजे तो दिल्लीचा. पाणी, सिंचन, कालवे राज्यसूचीत सतराव्या क्रमांकावर, म्हणजे मुंबईचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक विधानसभेची होती. वाशीमच्या सभेत योगी आदित्यनाथ ‘बटेंगे तो कटेंगे’ म्हणाले, धुळ्यात पंतप्रधान ‘एक हैं तो सेफ हैं’ म्हणाले, मग ‘व्होट जिहाद’ आला, ‘धर्मयुद्ध’ आलं. दुसऱ्या बाजूनेही धर्मगुरूंच्या नावाने मतांची आवाहनं फिरलीच. महायुतीतल्याच अजित पवारांनी आणि पंकजा मुंडेंनी ‘असली घोषणा महाराष्ट्रात नको’ असं उघड सांगितलं, ते मात्र गावच्या भोंग्यांपर्यंत पोचलं नाही.

त्या दिवसांत आमच्या घरात सोयाबीनची पोती थप्पी लावून पडली होती. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात चार हजारांच्या आसपास, आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याचं कारण. प्रचाराची गाडी पारापाशी थांबली तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं, “भाऊ, सोयाबीनचं काय?” उमेदवार म्हणाला, “बाबा, आधी धर्म वाचला पाहिजे, मग सोयाबीन.” कार्यकर्ते टाळ्या वाजवत होते. म्हातारा म्हणाला, “धर्माला काय झालं? सकाळीच तर पूजा करून आलो.” यावर उत्तर आलं नाही, गाडीचा भोंगा मोठा झाला.

२. शहीद घरचा असतो, त्याच्या नावावर मत मागता येत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामातल्या दहशतवादी हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान गेले. त्यात शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले दोघे होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. चोरपांग्रा आमच्यापासून लांब नाही. लोक खरोखर हळहळले, कुणाला सांगावं लागलं नाही.

मग लोकसभेची निवडणूक लागली. जवानांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने मार्चमध्ये पक्षांना बजावलं. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना विचारलं, की तुमचं पहिलं मत पाकिस्तानातल्या बालाकोटवर हवाई हल्ला करणाऱ्या वीरांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकतं का? तक्रार झाली. आयोगाने आचारसंहितेचा भंग झाला नाही असं ठरवलं; आयुक्त अशोक लवासा यांचं मत वेगळं होतं. आमचं मतदान १८ एप्रिलला होतं, आणि तोवर औशाचं ते वाक्य आमच्याकडच्या लहानमोठ्या वक्त्यांच्या तोंडी बसलं होतं. ज्याला जिंतूर-येलदरी रस्त्यावरचे खड्डे चुकवता येत नव्हते, तोही बालाकोटवर बोलत होता.

त्याच उन्हाळ्यात येलदरीचा जिवंत साठा शून्यावर गेला होता. धरण मृतसाठ्यात, वीजकेंद्राला पाणी नाही, धरणाच्या पोटात मोटारी टाकून बसलेले शेतकरी पाइप लांबवत लांबवत पुढे सरकत होते. त्याआधी २०१६ मध्ये तर आमच्या परभणीत पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने कलम १४४ ची जमावबंदी लावली होती. पाण्यासाठी कलम १४४ लागलेल्या जिल्ह्यात पाण्याचं भाषण होऊ नये, याचा राग मला अजून आहे.

सैन्याचा अभिमान मलाही आहे. पण तो काही उमेदवाराने आणून दिलेला नाही, म्हणून त्याची परतफेड मी त्याला का करावी, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

३. रझाकार आठवायचे तर पुरे आठवावेत.

परभणी हैदराबाद संस्थानात होती. भारताच्या पोलीस कारवाईने १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही मुक्त झालो, त्याच्या गोष्टी घराघरांत आहेत. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, ते खोटं नाही. पण निवडणुकीच्या भाषणांतले रझाकार अर्धेच असतात. रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारा ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार केलं, हे नाव मी एकाही सभेत ऐकलेलं नाही. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा भागांत निरपराध मुसलमान मारले गेले आणि पंडित सुंदरलाल समितीने त्याचा अहवाल दिला, हेही नाही. स्वामी रामानंद तीर्थांनी मुक्तीचा लढा निजामाच्या राजवटीविरुद्ध चालवला. त्याचा वापर शेजारच्या आळीविरुद्ध करणं हा त्या लढ्याचाच अपमान आहे.

४. टाळ्या कोण वाजवतं ते पाहावं.

गाडीबरोबर आलेले वाजवतात. गावातले हात बांधून उभे असतात.

५. भाषण संपून गाडी जाते, राहतो तो शेजार.

माझी पाण्याची मोटार जळते तेव्हा ती तालुक्याला, जिंतूरला एका मुसलमान कारागिराकडे जाते. बापाच्या वेळेपासून त्याच घराकडे. पैसे नसले तर तो ‘हरभरा निघाल्यावर द्या’ म्हणतो. एका निवडणुकीत आमच्या चौकात ‘त्यांच्याकडून घेऊ नका, त्यांना देऊ नका’ अशा थाटाचं भाषण झालं. दोन दिवसांनी मी मोटार घेऊन गेलो, तर हा माणूस स्वतःहून सांगायला लागला, की आमच्या घरातलं कुणी कधी कशात नव्हतं, चुलता फौजेत होता. मी काही विचारलंच नव्हतं. माझ्या गिऱ्हाइकपणापुढे त्याला निष्ठेचा दाखला द्यावासा वाटला, ही त्या भाषणाची खरी कमाई. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला आमच्याकडची हिंदू घरं पिढ्यान्‌पिढ्या जातात आणि औंढ्याच्या नागनाथाच्या वाटेवर फुलं-प्रसाद विकताना कुणी धर्म विचारत नाही. त्या कारागिराशी बोलताना मला लाज वाटली आणि उमेदवाराचा राग आला. पुढच्या मतदानात तो राग मी नीट वापरला.

६. कायदा आहे, पण तो बैलगाडीने येतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. मुंबईत विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले, विरोधातले उमेदवार प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. प्रचारातल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून निवडणूक रद्द ठरली, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयात कायम झाला डिसेंबर १९९५ मध्ये. ठाकरे यांचा मताधिकारही पुढे काढून घेतला गेला. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी स्पष्ट केलं, की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माचं आवाहनही यात मोडतं. निकाल चार विरुद्ध तीन असा होता.

म्हणजे विलेपार्ल्याच्या निवडणुकीपासून अंतिम निकालापर्यंत आठ वर्षं. तोवर आमदारकीची मुदत संपून गेलेली असते. तरीही हा कायदा माहीत असावा, कारण निकालानंतर ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका साधा मतदारही उच्च न्यायालयात दाखल करू शकतो. आचारसंहितेच्या काळात ‘सी-व्हिजिल’ अ‍ॅपमधूनच चित्रफीत काढून तक्रार करता येते. आमच्या गावातल्या पोरांच्या हातात दिवसभर मोबाइल असतोच. भाषणाचं चित्रण करून नुसतं गटावर फिरवण्यापेक्षा एकदा त्या अ‍ॅपमधूनच करून पाठवावं.

७. प्रश्न एकच विचारावा, पण आकडा आणि तारीख लागेल असा.

‘पाण्याचं काय करणार?’ असं विचारलं, की ‘प्रयत्नशील आहोत’ असं उत्तर मिळतं आणि पुढच्या वाक्याला पाकिस्तान येतो. वेगळं विचारून पाहावं. आमदाराला दरवर्षी पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यातला येलदरी परिसरात कुठे खर्च झाला? जळालेली डीपी (रोहित्र) किती दिवसांत बदलून मिळेल? वर खडकपूर्णा धरण झाल्यावर येलदरीत येणारं पाणी किती घटलं, आणि त्यावर सभागृहात कोणत्या अधिवेशनात बोललात? एका पदयात्रेत आमच्यातल्या बायकांनी यातला पहिलाच प्रश्न धरून ठेवला. उमेदवार दोनदा सीमेवर जाऊन आला, त्यांनी दोन्ही वेळा त्याला गावात आणलं. शेवटी त्याने स्वीय सहायकाला ‘लिहून घे’ म्हटलं. धर्माचा विषय त्या गल्लीत पुन्हा निघाला नाही.

पाण्याच्या पाळ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात आणि तिथे लोकप्रतिनिधींना बोलता येतं. पुढच्या वेळी तुमच्या पारावर कुणी युद्धाबद्दल बोलू लागला, तर त्याला एवढंच विचारा, की त्या समितीच्या गेल्या बैठकीला तुम्ही हजर होतात का.