हार्डटेल घेताना आधी मागचं चाक बघा

२५-३० हजारांच्या आतली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, घ्यायला दुकानात गेलं की बहुतेक जण हँडल धरून पुढचं सस्पेन्शन दाबून बघतात. ते खाली-वर झालं, डिस्क ब्रेक दिसले, दांडीवर २१ गिअरचं स्टिकर दिसलं की सौदा ठरतो. माझं सांगणं आहे की त्याआधी खाली बसून मागचं चाक बघा. कंपनीने पैसे कुठे वाचवलेत, ते तिथे समजतं.

माझ्या पहिल्या हार्डटेलला मागे ७ चकत्यांचं, हबच्या आट्यांवर पिळून बसवलेलं फ्रीव्हील होतं. सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर जायचो. तिथली वाट म्हणजे मुरूम, मधेच उघडा पडलेला काळा खडक आणि पावसाने खणलेल्या चऱ्या. उड्या मी मारत नव्हतो, साधं चढणं-उतरणं. काही महिन्यांतच मागचं चाक डगडगायला लागलं आणि पाषाणच्या बाजूला उतरताना एक्सल मोडला. क्विक रिलीजच्या सळईने दोन्ही तुकडे एकत्र धरून ठेवले, म्हणून चाक निसटलं नाही. दुकानदाराने माझ्या वजनाकडे बोट दाखवलं. खरं कारण दाखवलं ते रस्त्याकडेला सायकली दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. ते म्हणाले, "दादा, एक्सल बदलून देतो, पण याच जागी परत मोडणार."

कारण असं. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग चकत्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे फ्रेमपासून लांब बसतं. बेअरिंग आणि फ्रेम यांच्यामधला एक्सलचा तुकडा आधाराशिवाय राहतो. चकत्या जितक्या जास्त, तितका तो लांब. दगडावर चाक आपटलं की सगळा भार तिथेच येतो. कॅसेटच्या, म्हणजे फ्रीहबच्या रचनेत बहुधा तेच बेअरिंग बाहेर, फ्रेमजवळ असतं आणि एक्सल वाकत नाही. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर या फरकाने काही बिघडणार नाही. टेकडीवर बिघडतं.

ओळखायला हत्यार लागत नाही. सायकल उभी धरून पेडल उलटं फिरवा आणि सगळ्यात लहान चकतीच्या मधोमध असलेल्या खाचांकडे बघा. चकत्यांबरोबर खाचाही फिरल्या तर कॅसेट. खाचा स्थिर राहून नुसत्या चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील. मागे ८ गिअर असले म्हणजे कॅसेट असेलच असं धरू नका, ८ चकत्यांची फ्रीव्हीलही येतात. शिमानोच्या ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट एकाच फ्रीहबवर बसतात, त्यामुळे एकदा चांगलं चाक असलं की पुढे गिअर वाढवता येतात. म्हणून शिमानोच्या टर्नी डिरेलरऐवजी अल्टस की असेरा या चर्चेत तास घालवण्यापेक्षा हबबद्दल विचारा. डिरेलर पुढे कधीही बदलता येतो. फ्रेम आणि चाकं बदलायची म्हणजे जवळजवळ नवी सायकल.

फ्रेमच्या बाबतीत माप पहिलं. दुकानात जे माप शिल्लक असेल तेच तुमचं माप, असं सांगितलं जातं. ऐकू नका. दांडीच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर पाय टेकून उभं राहिल्यावर दांडीच्या वर मोकळी जागा हवीच, पण सीटवर बसून हँडल धरल्यावर कोपर जरा वाकलेलं राहतं का, हेही बघा. हँडलखालची नळी खालच्या टोकाला रुंद होत गेलेली असेल, तर पुढे चांगला एअर फोर्क, म्हणजे हवेवर चालणारं पुढचं सस्पेन्शन, बसवणं सोपं जातं. मागचा डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर वेगळा, स्क्रूने बसवलेला असावा. सायकल उजवीकडे पडली की तो वाकतो, आणि त्याने वाकावंच, म्हणजे फ्रेम वाचते. पण त्याचा आकार मॉडेलप्रमाणे बदलतो आणि दोन वर्षांनी तो मिळेलच असं नाही. सायकल घेतानाच एक जादा हँगर घेऊन ठेवा.

आता त्या सस्पेन्शनबद्दल. माझ्या भाचीसाठी सायकल बघत होतो, तिचं वजन ४८ किलो. तीन दुकानांत तिने फोर्क दाबला आणि "मामा, हा हलतच नाही" म्हणाली. तिचं बरोबर होतं. या किमतीतल्या फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंग असते आणि ती बेताच्या वजनाच्या माणसाला धरून बसवलेली असते. वरचं प्रीलोडचं बटण फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त तिच्यावरचा सुरुवातीचा ताण बदलतो. हलक्या माणसासाठी असा फोर्क म्हणजे दोन-अडीच किलोचं ओझं. भाचीला आम्ही साधा, सस्पेन्शन नसलेला फोर्क आणि रुंद टायरची सायकल घेतली. टेकडीवर ती मजेत चालवते. तुमचं वजन जास्त असेल तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. नळ्या खडखडल्या तर तो फोर्क नको. मागेही स्प्रिंग असलेली सायकल मात्र या किमतीत कोणीच घेऊ नये. वजन वाढतं, चढावर पायातला जोर स्प्रिंगमध्ये जिरतो आणि सांधे लवकर ढिले होतात.

ब्रेकवर थोडे जास्त पैसे गेले तर जाऊ द्या. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जुन्या सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती लागायच्या, तेव्हा मागच्या हबमधला ब्रेक एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि उतरल्यावर नवं भरावं लागायचं. आज तसं होत नाही, पण सिंहगडाचा घाट उतरताना स्वस्त केबलचा डिस्क ब्रेक किती जोराने दाबावा लागतो, ते बोटांना कळतं. पावसाळ्यात केबलच्या आवरणात चिखल गेला की तो आणखी जड होतो. शिमानोचा अगदी साधा हायड्रॉलिक ब्रेकही दोन बोटांत थांबवतो. तो नसेल तर निदान डिस्क ब्रेक बसवायचे आयएस किंवा पोस्ट माउंटचे डोळे फ्रेमवर आहेत ना, बघून घ्या, म्हणजे तो पुढे बसवता येईल.

एवढं बघून घेतलेली सायकलही जोडणीत वाया जाते. खोक्यातून आलेल्या सायकलचे आरे पहिल्या महिन्यात सैल होतात आणि क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्याचा, बोल्टही. सैल क्रँकवर तसेच पेडल मारत राहिलात तर त्याचं चौकोनी भोक खाऊन गोल होतं, मग कितीही आवळा, बसत नाही. म्हणून महिन्याभराने आरे आणि क्रँक आवळून घ्या, ते पैसे सायकलच्या किमतीतच धरा. दुकानातून निघताना टायरमध्ये ५०-६० पीएसआय हवा भरून देतात. रुंद टायरला खडकावर ३० च्या आसपास पुरते. बाभळीचे काटे असलेल्या टेकड्यांवर जाणार असाल तर ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या आणि एक जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर जवळ ठेवा. हेल्मेटचे पैसे या सगळ्याच्या आधी बाजूला काढा.