इंजिनाच्या ऑइलात शिरलेले पाणी : जुन्या ट्रकचे निदान व दुरुस्ती

स्मरणिकेत इतिहास, साहित्य आणि समाज यांवरील लेख असतातच. या खेपेस त्यांच्या शेजारी आम्ही यंत्रशाळेतला एक पाठ ठेवीत आहोत. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या घरचे पोट चाकांवर चालते. कोणाचे वडील चालक आहेत, कोणाचा मामा क्लीनर, तर कोणाच्या घरच्यांनी शेत गहाण ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या हातचा ट्रक घेतला आहे. गोरेगाव आणि सेनगाव परिसरातील हळद व सोयाबीन हिंगोली, वसमत, नांदेड आणि कधी थेट सांगलीच्या पेठेपर्यंत पोहोचते ती बहुधा अशाच जुन्या गाड्यांतून. त्या गाडीचे इंजिन म्हणजे घराची पुंजी होय. एके सकाळी त्या इंजिनातील ऑइल काळे न दिसता दुधाच्या चहासारखे दिसले, तर गाडी पुढे हाकावी की जागीच उभी करावी, हा प्रश्न हजारो रुपयांचा असतो आणि त्याचे उत्तर काही मिनिटांत द्यावे लागते.

आपल्या रस्त्यांवरील जुन्या टाटा गाड्यांच्या इंजिनांची वंशावळ ठाऊक असणे उपयोगाचे आहे. १९५४ साली टेल्को या कंपनीने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास आरंभ केला. तो करार १९६९ साली संपला, तरी इंजिनांची घडण पुढेही त्याच वळणाची राहिली. मिस्त्री ज्याला नुसते ‘सहाशे सत्त्याण्णव’ म्हणतात, ते सहा सिलिंडरांचे इंजिन त्याच घराण्यातले. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र शिकलेल्या मुलांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा : एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ९४६ घन सेंटिमीटर आणि सहांचे मिळून सुमारे ५,६७५ येते. एवढ्या जागेत हवा दाबून इतकी तापविली जाते की डिझेल ठिणगीवाचून पेटते.

या ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यात दोन प्रवाह एकमेकांच्या अगदी शेजारून वाहतात. एक ऑइलचा. तो चेंबरमधून पंपाने वर चढतो, क्रँकच्या बेअरिंगांना आणि टॅपेटांना न्हाऊ घालतो व परत खाली गळतो. दुसरा पाण्याचा किंवा कूलंटचा. तो सिलिंडरांभोवती आणि हेडमधून फिरतो, उष्णता घेतो आणि रेडिएटरमध्ये टाकतो. दोहोंच्या मध्ये कोठे लोखंडाची भिंत आहे, कोठे रबराची कडी, कोठे हेडखालचे गॅस्केट. या अडसरांपैकी एक जरी फुटला तरी दोन प्रवाह भेटतात. ऑइलात पाणी घुसळले गेले की त्याचा पातळ पडदा टिकत नाही, बेअरिंग कोरडे पडते आणि धातू धातूवर घासू लागतो. पाण्यात ग्लायकॉलयुक्त कूलंट असेल तर प्रकरण आणखी बिघडते, कारण ग्लायकॉल तापून आम्ल बनते, बेअरिंगचा मऊ थर खाते आणि ऑइलचा चिकट गाळ करून गाळणी बुजविते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : ऑइल दुधाळ दिसले की गाडी उभी करावी. भाडे बुडेल, पण क्रँक वाचेल.

तथापि प्रत्येक पांढरा फेस म्हणजे संकट नव्हे. थंडीच्या दिवसांत गाडी पूर्ण तापू न देता जवळच्या जवळ फिरविली, तर ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडी पिवळसर साय जमते. ती हवेतील बाष्पाची असते आणि एका लांब फेरीनंतर नाहीशी होते. खरा पुरावा डिपस्टिकवर शोधावा. ऑइलची पातळी न भरता वाढली आहे काय आणि त्याच दिवसांत रेडिएटरचे पाणी बाहेर कोठेही न सांडता कमी होत आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असली तर शंकेला जागा उरत नाही. पातळी वाढली आहे, ऑइल मात्र काळेच आहे, पातळ झाले आहे आणि त्याला डिझेलचा वास येतो, असे असेल तर दोष इंधनाच्या बाजूचा समजावा. तो वेगळा पाठ आहे.

पडताळणीचे दोन उपाय आमच्या विद्यार्थ्यांना फार आवडतात, कारण त्यांना पैसा लागत नाही. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर डिपस्टिकवरचा ऑइलचा एक थेंब टाकावा. निव्वळ ऑइल नुसते पसरून धूर सोडते. पाणी असले तर ते मोहरीच्या फोडणीसारखे तडतडते. हा प्रयोग डोळे सांभाळून आणि ऑइलच्या डब्यापासून दूर करावा. दुसरा उपाय धीराचा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा खालचा बोल्ट अगदी हळू सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते व आधी तेच ठिबकते. त्याचा रंग हिरवा वा तांबडा असेल तर ते कूलंट आहे, हेही कळते. ऑइल व पाणी फारच घुसळले गेले असेल तर मात्र रात्रभरातही वेगळे होत नाही. म्हणून काही आले नाही यावरून निश्चिंत होऊ नये.

पाणी आले हे ठरले, तरी ते कोठून आले हे ठरत नाही, आणि खरी विद्या येथेच आहे. सर्वसाधारण गॅरेजमध्ये पहिला संशय हेड गॅस्केटवर घेतला जातो आणि हेड उतरविले जाते. गॅस्केट पुष्कळदा दोषी असते, हे खरे. पण नेहमीच नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची सहाचाकी गाडी ऐन हळदीच्या हंगामात अशी उभी राहिली. एका गॅरेजमध्ये हेड उतरवून नवे गॅस्केट बसविले गेले, आणि आठवड्याने ऑइल पुन्हा दुधाळ झाले. तेव्हा हेड तडकले असावे म्हणून जुन्या बाजारातून दुसरे आणण्याची तयारी चालली. घरातल्या बाईंनी विचारलेला प्रश्न मात्र मोलाचा होता : “गाडी चालताना पाणी जातं, का उभी असताना?” त्यांनी सहज विचारले असेल, पण निदानाची किल्ली त्यातच होती. रेडिएटरचे झाकण गार असताना उघडले तेव्हा पाण्यावर ऑइलचा तवंग दिसला. म्हणजे ऑइलही पाण्यात जात होते.

याचा अर्थ दाबाच्या तुलनेतून लागतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण तीन-चार किलो असतो, पाण्याचा एक किलोच्या आतबाहेर. दोहोंच्या मध्ये भोक पडले तर चालत्या इंजिनात ऑइल पाण्याकडे ढकलले जाते. इंजिन बंद होताच ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण तापलेल्या रेडिएटरमधला दाब बराच वेळ टिकतो. मग पाणी ऑइलाकडे येते. दोन्हीकडे दोन्ही सापडले आणि गाडीला पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर असला, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. त्या गाडीचा कूलर सोडवून, तोंडे बंद करून, हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडविला, तेव्हा एका सांध्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. हेड बदलण्याचा खर्च वाचला.

कूलर निर्दोष असेल तर चेंबर उतरवावा आणि पाण्याच्या बाजूस दाब देऊन खालून पाहावे. यासाठी रेडिएटरच्या तोंडाला बसणारा हातपंप मिळतो. दाब झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे नेऊ नये, नाहीतर चांगला रेडिएटर फुटतो. ट्रकखाली शिरण्यापूर्वी चाकांना अडसर आणि चासीखाली भक्कम घोडे असलेच पाहिजेत. केवळ जॅकवर विसंबून कोणीही खाली जाऊ नये. आता बॅटरीच्या उजेडात थेंब कोठून पडतो ते शांतपणे पाहावे, हवे तर तासभर. ओले लायनर असलेल्या इंजिनात, म्हणजे जेथे पाणी लायनरला थेट भिडते तेथे, लायनरच्या बुडाशी असलेल्या रबरी ओ-रिंगा कडक होऊन गळतात आणि थेंब नेमका त्या सिलिंडरखाली दिसतो. लायनरवर बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी भोकेही पडतात. सुक्या लायनरच्या इंजिनात तेथून पाणी येण्यास ब्लॉकच तडकावा लागतो. कोणत्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे, अंदाजाने ठरवू नये.

ट्रकमध्ये आणखी एक जागा असते, जी मोटारगाडीच्या मिस्त्रीच्या ध्यानात येत नाही : एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर. ज्या गाडीत त्याचे हेड पाण्याने थंड होते आणि बेअरिंगांना इंजिनाचेच ऑइल मिळते, तेथे त्याचे छोटे गॅस्केट गेले की पाणी त्याच्या वाटेने चेंबरात उतरते. हवेच्या टाकीतून वाजवीपेक्षा अधिक पाणी निघू लागले असेल तर इकडे पाहावे.

एक सावधगिरी. सिलिंडरात वरून पाणी साठले असल्याचा संशय असेल, तर स्टार्टर मारू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढावेत, मग इंजिन हाताने फिरवावे. ज्या भोकातून पाणी उडेल, तो सिलिंडर स्वतःच आपला दोष सांगतो.

हेड उतरवावयाचे ठरलेच, तर इंजिन पूर्ण गार असावे आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. जुने गॅस्केट फेकून न देता आधी वाचावे. ज्या ठिकाणी त्याची कडी जळली वा पाण्याने धुतली गेली आहे, तेथेच गळतीची वाट असते. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिडवी ठेवून फीलर गेजने वाक मोजावा. पुस्तिकेतील मर्यादेहून अधिक असल्यास लेथवाल्याकडे फेसिंग करावे आणि पाण्याच्या दाबाने तडे तपासून घ्यावेत. ब्लॉकमधील बोल्टची भोके वाळवून घेणे हे काम बहुतेक जण गाळतात. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल वा पाणी राहिले, तर बोल्ट कसताना ते दाबले जाऊन ब्लॉक तडकू शकतो. शिवाय बोल्ट कसला गेल्याचा खोटा भास होतो. नवे हेड मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच कसावे. हाताच्या अंदाजाचा अभिमान येथे महाग पडतो.

हळदीच्या मुलखात राहून हळदीविषयी न बोलणे बरे नव्हे. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकण्याची चालकांची जुनी युक्ती आहे, आणि रस्त्यात अडकलेल्या गाडीला बारीक छिद्रापुरती ती कधी कधी घरी पोहोचवतेही. परंतु आतल्या गळतीवर तिचा उपयोग नाही. ती पूड रेडिएटरच्या आणि कूलरच्या बारीक नळ्यांत बसते, पाणी फिरेनासे होते, इंजिन आणखी तापते आणि थोडे गेलेले गॅस्केट पुरते जाते. मुळात गॅस्केट बहुधा तापूनच जाते. आपल्याकडे बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते; त्यातील क्षारांची पुटे हेडच्या आत चढतात आणि लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली असणे हे दुसरे कारण. अर्धा किलो दाब धरणारे झाकण नीट असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. एका स्वस्त रबरी चकतीवर हे अकरा अंश अवलंबून असतात. जड पाण्याऐवजी शुद्ध पाणी व कूलंट निम्मे-निम्मे वापरणे हा खर्च नव्हे, बचत आहे.

गळती बंद झाली तरी काम संपत नाही. चेंबर, पंपाची जाळी आणि टॅपेट कव्हरमधील साय पुसून काढावी, फिल्टर नवा घालावा, साधे स्वस्त ऑइल भरून इंजिन ओझ्यावाचून तापेपर्यंत चालवावे व गरम असतानाच ते सोडून द्यावे. पुन्हा दुधाळ निघाले तर पुन्हा तसेच करावे. चेंबर खाली असतानाच बिग एंडच्या एक-दोन टोप्या सोडून बेअरिंग पाहावेत. त्यांवर काळे डाग वा तांबूस थर दिसला तर सर्व बदलावेत, कारण या क्षणी ते काम जवळजवळ फुकट होते आणि महिन्याने संपूर्ण इंजिन उतरवावे लागते. ऑइल पाण्यात गेले असेल तर रेडिएटर साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवावा आणि फुगलेले रबरी पाइप टाकून द्यावेत.

काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नये. ते चवीला गोड असते आणि विषारीही. कुत्री, शेळ्या ते चाटून मरतात. झाकणाच्या डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे.

पुढील आठवडाभर रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक आणि रेडिएटर दोन्ही पाहावेत व पातळ्या वहीत तारखेसह लिहाव्यात. पुस्तिकेत सांगितले असेल तर ठरलेल्या अंतरानंतर हेड पुन्हा कसून घ्यावे. सात दिवस दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत, तर गाडीवर माल चढवावा.