परदेशी जाणाऱ्यांची आरोग्याची शिदोरी

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले पूर्वी नागपूर-औरंगाबादपर्यंत जात, फार तर पुण्या-मुंबईला. आता ती लंडन, मेलबर्न, टोकियो आणि दुबईलाही पोहोचली आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांमुळे शेतमजुरांच्या घरातील मुलामुलींनाही ही वाट मोकळी झाली. निवडीचे पत्र आले की घरात धावपळ सुरू होते. ती पासपोर्टची, जातवैधता प्रमाणपत्राची, बँकेच्या कागदांची आणि शेवटच्या आठवड्यात लोणच्याच्या बरणीची असते. ज्या देहाने हा प्रवास करावयाचा, त्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हकिकत येथे सांगणे आवश्यक वाटते. वसतिगृहात असताना हिवाळ्याच्या पहाटे त्याचे हातपाय दुखत. आम्ही त्याला वेदनाशामक गोळी देत असू आणि प्रार्थनेला उशीर केला म्हणून रागेही भरत असू. पुढे तो इंग्लंडला शिकावयास गेला. पहिल्याच थंडीत छाती व पाठीच्या असह्य वेदनांनी त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. तो सिकलसेलचा रुग्ण होता. आश्चर्य याचे की त्याच्या रक्ताचा अहवाल अनेक वर्षांपूर्वीच झालेला होता. तो घरच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवलेला होता. मुलाचे लग्न जमणार नाही या भीतीने आईवडिलांनी तो त्यालाही दाखविला नव्हता. त्या माउलीला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. दुखणे डोळ्यांसमोर असताना आम्हीही तपासणी करविली नव्हती.

विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांत तसेच नंदुरबारकडे हा आजार आदिवासी व अनुसूचित जातींच्या कुटुंबांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक असते. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो आणि विमानप्रवासही निर्धास्तपणे करू शकतो. मात्र अति उंच पर्वतावर किंवा शरीर कोरडे पडले असताना अति श्रम करणे त्यानेही टाळावे. रुग्णाची गोष्ट वेगळी. प्राणवायू कमी पडला, पाणी कमी पडले, थंडी बाधली किंवा जंतुसंसर्ग झाला की त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदनांचा झटका येतो. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. त्यातच ती हवा कोरडी, बैठक लांबलचक आणि उतरल्यावर बाहेर बर्फ. झटक्याची बहुतेक कारणे एकाच दिवसात एकत्र येतात.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, निवडीचे पत्र येताच विद्यार्थ्याने सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील विद्राव्यता चाचणी केवळ संशय दाखविते. रुग्ण की वाहक हे इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी या तपासणीनेच ठरते. शासकीय रुग्णालयांतून ती होते, आणि 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानामुळे या तपासण्यांना अधिक गती मिळाली आहे. रुग्ण असल्यास परदेशी जाऊ नये असा याचा अर्थ मुळीच नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल नियमित घेणारी, न्यूमोकोकस व मेनिंगोकोकस यांच्या लसी घेतलेली, प्रवासात पाणी भरपूर पिणारी, उबदार कपडे हाताशी ठेवणारी आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणारी मुले उत्तम शिकतात. लंडनमध्ये आफ्रिकी व कॅरिबियन वंशाच्या लोकांमुळे या आजाराची खास केंद्रेही आहेत. पण भारतीय चेहऱ्याच्या तरुणाला हा आजार असेल, असे तेथील प्रत्येक डॉक्टरास सुचेलच असे नाही. ते आपणच, पहिल्या भेटीत, कागद दाखवून सांगावयाचे असते.

दुसरी गोष्ट क्षयरोगाची. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयास मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. छातीच्या एक्स-रेमध्ये काही डाग दिसला तर थुंकीची कल्चर तपासणी होते आणि तिचा निकाल यावयास सुमारे दोन महिने लागू शकतात. लहानपणी क्षय होऊन पूर्ण बरा झालेल्यांच्या फुप्फुसावरही जुना व्रण राहू शकतो. अशांनी ही तपासणी व्हिसाच्या अगदी तोंडावर ठेवू नये. जुन्या उपचारांचे कागद व जुने एक्स-रे शोधून सोबत न्यावेत. येथेही लपविण्याची सवय नडते.

औषधांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे निष्पाप माणूसही अडचणीत येतो. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधे इतरत्र नियंत्रित आहेत. सिकलसेलच्या वेदनांवर अनेकदा दिले जाणारे ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. जपानात दहा टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे नेण्यास बंदी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी औषधेही एक महिन्याहून अधिक पुरतील इतकी न्यावयाची असल्यास 'युन्यू काकुनिन्-शो' हे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. तेव्हा ज्या देशी जावयाचे, त्या देशाच्या दूतावासाचे नियम वाचल्यावाचून पिशवी भरू नये. शेजाऱ्याने 'तिकडच्या माझ्या भाच्याला द्या' म्हणून दिलेली औषधाची पुडी तर मुळीच घेऊ नये, मग त्याला वाईट वाटले तरी चालेल.

डॉक्टरांकडून इंग्रजीत, सही-शिक्क्यासह चिठ्ठी घ्यावी आणि तीत औषधाचे कंपनीचे नाव नव्हे, तर मूळ नाव लिहून घ्यावे. 'क्रोसिन' परदेशी दुकानदारास कळणार नाही. पॅरासिटामॉल ब्रिटनमध्ये कळेल, अमेरिकेत मात्र तेच असिटामिनोफेन या नावाने मिळते. गोळ्या मूळ वेष्टनातच असाव्यात व हातातील बॅगेत ठेवाव्यात. इन्सुलिन सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकल्यास थंडीने गोठून निकामी होऊ शकते.

लसींविषयी थोडक्यात. केनियासारख्या पीतज्वराच्या देशात जाणाऱ्याने ती लस मान्यताप्राप्त केंद्रातच, किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य होते. 2016 पासून ते आयुष्यभर चालते. साठी उलटलेल्यांनी, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी व सिकलसेलच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे गोवराच्या लसीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. ज्यांचे लहानपणीचे लसीकरण कार्ड हरवले आहे, आणि आमच्या मुलांपैकी बहुतेकांचे हरवलेलेच असते, त्यांनी नव्याने लस घेऊन नवा दाखला करून घ्यावा.

खर्चाची बाजूही पालकांनी ध्यानी घ्यावी. ब्रिटनच्या व्हिसासोबत विद्यार्थ्यास वर्षाला 776 पौंड आरोग्य-अधिभार आगाऊ भरावा लागतो. त्यानंतर तेथील डॉक्टर व रुग्णालय यांचे वेगळे शुल्क नसते, पण पोहोचताच जवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवावे लागते, आणि दात व चष्मा यांचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. म्हणून किडलेली दाढ येथेच भरून घ्यावी आणि चष्म्याची जोडी एक जास्त न्यावी. मुलाकडे सहा महिने राहावयास जाणाऱ्या आईवडिलांनी प्रवास-विमा घेताना रक्तदाब वा मधुमेह दडवू नये. हप्त्यात काही शेकड्यांची बचत होईल, परंतु रुग्णालयाचे बिल आल्यावर याच कारणाने कंपनी दावा नाकारू शकते.

हे सर्व कागद, म्हणजे रक्ताचा अहवाल, लसींचे दाखले, डॉक्टरांची चिठ्ठी आणि विम्याची प्रत, तीन ठिकाणी असावेत: हातातील बॅगेत, मोबाइलमध्ये आणि घरी. ज्यांचे घर पावसाळ्यात गळते किंवा ज्यांना घरी सांगावयाचे धैर्य अजून झालेले नाही, त्यांनी चौथी प्रत बंद पाकिटात शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी. पाकिटावर केवळ नाव व तुकडीचे वर्ष लिहावे. ते आम्ही उघडणार नाही. परदेशातून दूरध्वनी आला तरच, ज्याचे आहे त्याच्या सांगण्यावरून, उघडू.