हाडांतील ठेव आणि रक्ताची मागणी

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, आगाशीच्या बाजूला, वाड्यांतून पानवेलीची लागवड फार दिवसांपासून होत आली आहे. आणि जेथे विड्याचे पान तेथे चुन्याची डबी ही आलीच. “पानाबरोबर रोज चुना पोटात जातो, मग हाडांस काय उणे?” असे बोलणे वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी पुष्कळदा ऐकू येते. ह्या बोलण्यात सत्याचा अंश आहे. कारण हाडे ज्याने कठीण होतात ते कॅल्शियम म्हणजे चुन्याचेच मूलद्रव्य होय. तथापि पोटात गेलेला चुना हाडांत कोणत्या वाटेने पोचतो, हे न जाणता त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले शंभरातील नव्व्याण्णव भाग हाडांत व दातांत असतात आणि उरलेला एक भाग रक्तात व मांसात. हा एक भाग लहान खरा, परंतु हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, ज्ञानतंतूंचे कार्य आणि जखमेवर रक्त गोठणे ही सर्व त्याच्यावर चालतात. म्हणून १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम इतकेच राहावे अशी शरीराची व्यवस्था आहे. ते फार घटले तर ओठांस व बोटांस मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात, क्वचित झटकेही येतात. फार वाढले तर तहान, बद्धकोष्ठ, मुतखडा आणि बुद्धीची ग्लानी हे विकार होतात.

ही राखण कोण करतो? गळ्यात अवटु ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार लहान ग्रंथी आहेत. त्यांस परावटु ग्रंथी म्हणतात. त्या प्रथम कोणाच्या गळ्यात सापडल्या हे सांगितल्यास वाचकांस मौज वाटेल. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हिंदुस्थानातला एक गेंडा मेला, आणि त्याचे शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन ह्या विद्वानास १८५० च्या सुमारास ही ग्रंथी दिसली. मनुष्याच्या गळ्यातील ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रोम ह्याने १८८० साली केले. रक्तातील कॅल्शियम किंचित घटताच ह्या ग्रंथी आपला रस रक्तात सोडतात. तो रस मूत्रपिंडांस कॅल्शियम वाया जाऊ देत नाही, आतड्यांनी अन्नातून अधिक घ्यावे अशी तजवीज करतो, आणि एवढ्याने भागले नाही तर हाडांतील ठेव काढून रक्ताची मागणी पुरी करतो.

वाचकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. रक्ताचे देणे आधी, हाडांचे मागून, असा हा नियम आहे. म्हणून पुष्कळ वर्षे हाडे झिजत असतानाही रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम बरोबर भरू शकते. आणि “तपासणी चांगली आली” एवढ्यावर कंबर व मांड्या दुखणाऱ्या बाईची समजूत घालून तिला घरी पाठवणे बरे नव्हे.

आता आतड्यांविषयी. अन्नातील कॅल्शियम नीट शोषून घेण्यास त्यांस ड जीवनसत्त्व लागते, आणि ते बहुतेक सर्व आपल्या त्वचेत उन्हाने तयार होते. पुढे यकृतात व मूत्रपिंडांत त्यास कार्यक्षम रूप येते. उन्हाचे हे महत्त्व ओळखणाऱ्यांत थिओबाल्ड पाम हा वैद्यकीय मिशनरी अग्रेसर होता. जपानात काम करून विलायतेस परतल्यावर त्यास तेथील मुलांत मुडदूस फार दिसला. त्याने निरनिराळ्या देशांतील मिशनऱ्यांकडून पत्रे मागवली आणि १८९० साली असे लिहिले की, जेथे ऊन भरपूर तेथे अन्न निकस असूनही हा रोग विरळा. पुढे १९२२ साली हचिसन व शाह यांनी मुंबई इलाख्यातील आपली पाहणी प्रसिद्ध केली. शेतात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांपेक्षा पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घराण्यांत मुडदूस त्यांस अधिक आढळला होता.

तेव्हा पडदा कापडाचा होता. आज तो भिंतींचा आहे. नालासोपाऱ्याच्या पूर्वेस चाळी व इमारती एकमेकींस इतक्या खेटून उभ्या आहेत की पुष्कळ खोल्यांत ऊन शिरतच नाही. पुरुष पहाटेच्या गाडीने जातो व रात्री परततो. बायका आणि तान्ही मुले घरात. कोवळ्या उन्हात मूल घेऊन बसण्याची आपली रीत चांगली आहे, पण केवळ तिने भागत नाही. आपली सावली आपल्या उंचीहून लांब पडते तोवर उन्हात हे जीवनसत्त्व फार थोडे होते, आणि काचेआडच्या उन्हाने तर जवळजवळ होतच नाही. मोठ्या माणसांनी दुपारच्या आसपास थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून गच्चीत किंवा अंगणात काम करावे. तान्ह्या मुलांस त्या उन्हात बसवू नये. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व थोडे असते, म्हणून डॉक्टर त्यांस रोज ४०० एककांचे थेंब देण्यास सांगतात ते चुकवू नयेत.

गरोदर स्त्रीच्या पोटातील बाळ जन्मापर्यंत सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम घेते. आईच्या अन्नात ते नसेल तर ते तिच्या हाडांतून जाते. प्रौढ माणसास दररोज सुमारे १००० मिलिग्रॅम हवे असे इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने २०२० साली ठरवले. हे महागाचे अन्न नव्हे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, तितक्याच दुधात सुमारे १२०. नाचणीला मोड आणून घेतले तर ते अंगी अधिक लागते. न सोललेले तीळ, शेवग्याचा पाला, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी हीही उत्तम होत. पालकावर मात्र भिस्त ठेवू नये. त्यातील कॅल्शियम बहुतेक तसेच बाहेर पडते.

राहिला विड्यातला चुना. त्याने तोंडाची त्वचा भाजते, आणि सुपारी व तंबाखू यांच्या संगतीने तोंडाच्या कर्करोगास वाट मिळते. शिवाय शिंपल्यांचा चुना लावलेली सुपारी अतिशय चघळणाऱ्या तैवानातील रोग्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडल्याचे डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत, विशेषतः ज्यास मुतखडा झालेला आहे त्याने. मुलाचे पाय वाकू लागले, दात येण्यास फार उशीर झाला, किंवा जमिनीवरून उठताना बाईस मांडीवर हात टेकावा लागू लागला, तर सरकारी दवाखान्यात जाऊन ड जीवनसत्त्वाची तपासणी करण्याविषयी विचारावे.